बसून

मराठीत सांगायला गेलं की पंचाईत होते.
ग्लिन प्रॉसर काय वाजवतो? बसून.
हो, बसून, पण काय? बसूनच.
फोनवर आई गप्प. मग म्हणते,
एवढं अडतंय तर त्याला उभं राहायला सांग.

बेडमिन्स्टरमधल्या एका जुन्या तंबाखूच्या गोदामात
आम्ही एका मुंगीखाऊला गाणी पुरवतो.
ऑस्बर्ट त्याचं नाव. रंग ओल्या विटेचा.
त्याचं नाक त्याच्याआधी खोलीत शिरतं
आणि तो निघून गेल्यावरही थोडा वेळ तिथेच असतं.
दर भागात तो एकदा पडतो,
जिन्यावरून, शिडीवरून, एकदा तर स्वतःच्याच केकवरून,
आणि पडता पडता गातो.
शब्द माझे. चाल फिलिपाची.
पडणं मात्र ग्लिनचं.

सेकंदाला पंचवीस चित्रं.
चौदाव्या चित्राला पाय सुटतो,
एकतिसाव्याला बूड टेकतं.
मधल्या फटीत ग्लिन आठ सूर खाली येतो,
भर लग्नात धोतर सुटलेल्या व्याह्याच्या रुबाबात,
आणि तळाशी: भप्.
त्या एका भप् साठी सहा सहा टेक.
"जरा कमी दुःखी," काचेपलीकडून फिलिपा म्हणते.
"कमी दुःखी केलं," ग्लिन म्हणतो, "तर हसणार कोण?"

पहिल्या वर्षी माझ्याकडची यमकं संपली,
तेव्हा घरातली एक म्हण काढली,
पडलो तरी नाक वर,
आणि तिचं इंग्रजी केलं, ओबडधोबड.
फिलिपानं विचारलं, तुमच्याकडे मुंगीखाऊ असतात?
नसतात, म्हटलं. नाकं असतात.
आता ती ओळ गावभर झाली आहे.
शाळेच्या फाटकाशी गुडघा फुटलेली पोरं ती हुंदक्यांतून म्हणतात.
बस चुकलेला एक वकील म्हणाला, टाय सावरत.
माझी मावशी हेच वाक्य बाबांना मारायची,
त्यांचा छापखाना बुडाला त्या वर्षी, जेवणाच्या ताटावर.
इथे त्याची शाबासकी झाली.
व्हिसा मिळाला की म्हणींचाही स्वभाव बदलतो.

जानेवारीत व्हेल स्ट्रीटवर बर्फाचा पापुद्रा धरला.
ती गल्ली म्हणजे रस्ता कसला, भिंतच, जरा कललेली.
समोरच्या मिसेस ओकाफोरनी खिडकीतून पाहिलं:
ग्लिन सावकाश, जवळजवळ सभ्यपणे, खाली बसला
आणि तसाच घसरत गेला, तीन घरं,
पेटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून.
खुबा मोडला. बसूनला ओरखडाही नाही.

हॉस्पिटलात म्हणाला, "घाई झाली माझी.
सतरा चित्रं कुठली, अकरातच आपटलो.
आणि तो आवाज... भप् नसतो गं तो.
इतकी वर्षं आपण चुकीचा देतोय."
मग बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.
मला एक विनोद सुचला होता.
तो मी कोटाच्या खिशातच ठेवला.

मधल्या तीन भागांत कॉम्प्युटरमधलं बसून वाजलं.
अचूक. आठही सूर घासूनपुसून मांडलेल्या वाट्यांसारखे.
ऑस्बर्ट पडला, आणि नुसताच पडला.
फिलिपाच्या धाकट्यानं टीव्हीजवळ जाऊन विचारलं,
"लागलं का तुला?"

एप्रिलात ग्लिन आला, काठी टेकत.
फार वेळ बसायची मनाई.
गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिला.
पडद्यावर मुंगीखाऊ कठड्यावरून निसटला.
ग्लिननं श्वास घेतला, नको तिथे, मोठ्यानं,
आणि उतरला. सहाच सूर.
तळाशी भप् नाहीच, काहीतरी हलकं,
अंधारात पायरी चाचपावी तसं.
ढोलवाला आधी हसला, मग आम्ही सगळे.
फिलिपा म्हणाली, हाच ठेवू. श्वासासकट.

रात्री आईला फोन लावला.
सांगितलं, ग्लिन आता उभ्यानं बसून वाजवतो.
ती म्हणाली, बघ,
मी तेव्हाच सांगत होते.