दोन खाचा

दोनशे दहा चौरस फूट.
कागदावर मांडलं तेव्हा ते घर नव्हतं,
पेन्सिलीनं केलेली काटकसर होती.
आडनाव भिंताडे, आणि पहिलीच मागणी :
"आत भिंत नको, मॅडम. भिंतीलाही जागा लागते."

धनकवडीच्या वरच्या अंगाला
दिरानं दिलेला तुकडा, तोही तोंडी.
म्हणून सगळं नटबोल्टवर.
उसाच्या चिपाडाचे तक्ते, बांबूच्या कैच्या,
प्रत्येकावर खडूनं आकडा, अ-एक ते अ-चौदा.
उद्या दीर फिरला तर दोन दिवसांत
घर उकलायचं आणि टेम्पोत भरायचं.
सोपानराव हसले, "विंचवाचं झालं की हो हे."
रंजनाताई हसल्या नाहीत.
"बोल्ट गंजत नाहीत ना?" एवढंच विचारलं.

मी आठ फुटी खोकी काढली होती,
भोसरीत जुळवायची, इथं आणून नुसती ठेवायची.
कॉलेजात याच चित्राला मला बक्षीस होतं.
सोपानराव ड्यूटीला निघता निघता
गल्लीच्या वळणावर टेप लावून आले :
गिरणीची पायरी आणि विजेची डीपी,
मध्ये सहा फूट चार इंच.
त्यातही एक स्कूटर कायमची उभी, मालक मस्कतला.
त्या रात्री माझं घर
गल्लीनं नव्यानं काढलं.
मी रेषा ओढत राहिले.

सिंहगड दिसतो म्हणून
पश्चिमेला खिडकी ठेवली, हट्टानं.
एप्रिलात त्यांनी तिच्यावर ओलं गोणपाट टांगलं.
गड गेला, पण गारवा आला.

खरी अडचण पलंगाची.
त्यांना कापायला टेबल हवं, सहा बाय तीन,
शाळेच्या गणवेशांचे तागे उलगडतील एवढं.
झोपायला फळी हवी, तीही तेवढीच.
दोन्ही ठेवली तर दार अर्धंच उघडतं.
तीन कागद फाडल्यावर लक्षात आलं :
हे खराडीला रात्रपाळीचे वॉचमन.
त्या रात्री कापतात, एक वाजता आडव्या होतात,
साडेपाचला नळाला पाणी.
आठला हे येतात, झोपतात,
तेव्हा मशीन दारात, उजेडाला.
मग कशाला दोन? एकच फळी,
उभ्या पट्टीला दोन खाचा :
वरची तीस इंचांवर, खालची सोळावर.
वर टेबल, खाली पलंग,
मधल्या चौदा इंचांत संसार.

मी खूश होते. दोन ठिकाणी स्लाइडही दाखवली.
त्या नकाशात मी माणसंही काढली होती, प्रमाणात,
एक आडवं, एक उभं,
कधीच एका वेळी घरात नसलेली.
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मार्चमध्ये सोपानराव रिटायर झाले.
मेमध्ये रंजनाताईंचा फोन : "येऊन जा. चुकलं नाही काही.
बघून जा फक्त."

पायरीखालची टाकी कोरडी, तिच्यात बटाटे.
अ-नऊवर उंचीच्या खुणा,
शेजारच्या कुणा पोरीच्या, पेनानं.
कापलेल्या बाह्यांचा ढीग,
आणि त्याच्या पलीकडे, पाटावर मांडी घालून
चष्मा नाकावर ओढून
सोपानराव काजं करत होते.
"आठ तास उभं राहायची सवय," म्हणाले,
"बसायला शिकतोय."

तिसरी खाच तेव्हा दिसली.
बारा इंचांवर. माझ्या कागदात नसलेली,
हॅक्सॉच्या पात्यानं, घरच्या घरी.
"झोपायला नाही ही," रंजनाताई म्हणाल्या,
आणि फळी तिथं अडकवून
दोन ताटं मांडली, समोरासमोर.
मग माझ्याकडे बघून तिसरं.

खाच जरा तिरकी पडलीय.
पिठल्याची वाटी
हळूहळू माझ्याकडे सरकत येते.
मी एका बोटानं ती धरून ठेवते
आणि जेवते.