उघाडी

हुकूम एका ओळीचा: टॉर बंद करा.
खाली सही, आणि 'सोमवारी युरोपचं ऑडिट आहे'.
मिरजोळ्याच्या वसाहतीत रात्रपाळी लागली होती,
म्हाकूळ उणे चाळीसला गोठत होतं,
आणि लॉगमध्ये रोजच्यासारखी एक ओळ, पहाटे दोन दहाची.

सर्व्हरच्या खोलीत मी जर्किन घालून बसतो.
एसीचं पाणी बादलीत गळतं. बादली ओततो तोही मीच.

पहिल्या रात्री यादी उतरवली. सात हजारांवर पत्ते,
जर्मनी, रुमानिया, कुठलंसं आइसलँड.
एकेकाला दार लावलं.
यादी बदलत राहते, म्हणून तासातासाला
आपणहून दारं लावणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली
आणि खुर्चीतच झोपलो.
दोन दहाला कुणीतरी गेलं,
यादीत नसलेल्या एका पुलावरून.

खाडीपल्याड आमचं खाजण होतं.
बांधाला लाकडाची उघाडी:
भरतीचं पाणीच तिला रेटून मिटवायचं,
ओहोटीला आतलं पाणी रेटून उघडायचं.
खेकड्याचं बीळ बुजवलं की तो वीतभर पलीकडे दुसरं काढी.
मी कोयती घेऊन धावायचो.
बाबा चिखलाच्या हातानं बिडी पेटवत म्हणायचे,
'त्याला काय बांद मोडायचा नसतोय रं.
त्याला जायाचं असतंय.'

काय बोलणं होतं, मला दिसत नाही.
सारख्या मापाची पाकिटं दिसतात, एवढंच.
तिघांच्या हातून जाणारा निरोप:
पहिल्याला ठाऊक कुणी दिला,
शेवटच्याला ठाऊक कुठं द्यायचा,
मधल्याला दोन्ही नाही.
मधल्याचा मला हेवा वाटतो.

कंप्यूटर मात्र सापडला. शीतगृहातला, चार नंबरचा.
पासवर्ड मॉनिटरवरच चिकटवलेला, माशाच्या वासाच्या कागदावर.
रात्री त्याच्यापाशी तिघं:
तापमान लिहिणारी नफीसा खतीब,
अमोनियाच्या प्लांटवरचा दिगंबर शिवलकर,
आणि ओडिशाहून आलेला बिरंची, ज्याला घरी फोन करताना
कुणी कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या रात्री यादी सोडली.
जे ओळखीचं नाही ते सगळंच अडवलं.
दोन दहाला ओळ आली: नाकारलं.
सेकंदानं पुन्हा. मग दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ,
कडी न वाजवता बोटांनीच दार ठोठवावं तशी.
अठरा वेळा मोजली.
मग काही नाही.
कॉम्प्रेसर तेवढा घुमत राहिला.

एका साली उघाडीत गाळ अडकला,
बाहेरच्या बाजूनं. मिटली ती उघडेना.
खारं पाणी थेंबभर आत आलं नाही.
बाबा सात दिवस गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून
हातानं गाळ उपसत होते.

सकाळी चहाच्या टपरीवर
नफीसा म्हणाली, 'दादा, रात्री नेट गेलं होतं का?'
दहा मिनिटांनी दिगंबर.
मग बिरंची, त्याच्या मोडक्या मराठीत, बशीकडे बघत.
तिघांनाही मी म्हणालो, 'केबल तुटलीय भाट्याजवळ.'

सोमवारी ऑडिटवाल्यानं बरोबरची खूण केली.
अर्जात एक चौकट उरली होती, 'वापरकर्त्याचे नाव'.
मी लिहिलं: चार नंबर.
साहेब म्हणाले, हे काय नाव झालं?
तेवढ्यात बादली भरून वाहायला लागली,
आणि मी उठलो.