तरफेच्या तारा

पुण्याहून मेल आला, सोमवारी, साडेअकराला.
चहा अजून टेबलावर यायचा होता.
ग्राहक ०४१७, सतारमेकर गल्ली, मिरज.
महिन्यात दोनशे बारा जीबी. घेतले नाहीत, दिले.
खाली लाल अक्षरांत: फाईल शेअरिंग. तपासा. कळवा.

मी सुकुमार चौगुले. खांबावर चढतो, बिलं वसूल करतो,
वारा सुटला की शिव्या खातो,
आणि काम नसलं की स्क्रीनवर गाव बघतो:
कुणाची खोली रात्री दोनला जागी,
कुठल्या दवाखान्यात कंपाउंडर रमी खेळतोय,
कोण गेले चार दिवस एकाच गावची भाड्याची घरं शोधतंय
आणि बायकोला सांगितलेलं नाही.
मला कुणी सांगत नाही हे. दिसतं.
शिडीवरनं न्हाणीघराची खिडकी दिसते, तसं.
तिथं मी मान फिरवतो.
इथं फिरवत नाही. का, माहीत नाही.

०४१७ म्हणजे दस्तगीर शिकलगार.
गेलो तर म्हातारा घोडीवर कानस घासत बसलेला,
तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवत, जवारी शोधत.
आढ्याला भोपळे टांगलेले,
त्यांच्यात मीच लावलेला राऊटर, हिरवा, लुकलुकता.

"कुठले पिक्चर टाकताय, चाचा?"
"पिक्चर?" कानस थांबली. "बाई हायत त्या."

अंबूताई हुपरीकर. कधी रेडिओवर गेल्या नाहीत,
तबकडी काढली नाही.
घरातलं गाणं घरात राहू दे, म्हणायच्या.
चौऱ्याहत्तर साली ब्राह्मणपुरीतल्या एका माजघरात
दस्तगीरच्या बापानं नवा तंबोरा पोचवला,
आणि दुसरा एक, बिनतारांचा, कोपऱ्यात टेकवला,
"पॉलिश ओलं हाय, सुकू दे जरा" म्हणून.
त्याच्या भोपळ्यात टेपरेकॉर्डर.

"म्हणजे चोरीच की."
"चोरीच. बाप चोर, मी वारस.
पण बाई गेली तवा भिंतीला लावायला फोटोबी नव्हता.
आता बघ, तेवीस जण ऐकत्यात."
ते तेवीस मला पाठ होते,
आकड्यांचे पत्ते: एक धारवाडचा,
एक कुठल्याशा बर्फातल्या देशाचा, तो पहाटेच येतो.

सहज त्यानं एक सतार पुढं ओढली.
वरच्या तारेवर एकदाच बोट,
आणि खालच्या तरफा, कुणी न छेडता, थरथरल्या.
"ह्यांना कोण विचारतंय? वर वाजलं की ह्या ऐकणारच.
तुझं हापीस तसलंच ना?"
मी हो म्हणालो नाही. पावती पुस्तक चाळलं.

जिना उतरताना हाक आली.
"मधी अकरा सेकंद आवाज न्हाई. फाईल खराब समजू नको.
दोन चिजांच्या मधी बाई घरच्या वहिनीला काय तरी बोलली.
स्वतःचं.
ते पुसलंय मी. मूळ टेपवरनंबी.
गाणं चोरावं एक वेळ. ते न्हाई."
मग, तंबाखू मळत:
"तुमच्यात पुसायचं बटण असतंय का रं?"

मेलला उत्तर लिहिलं: लाईन तपासली, ग्राहक वाद्ये बनवतो.
खोडलं. लिहिलं: घरगुती वापर.
ते तसंच पडून आहे, न पाठवलेलं.

रात्री घरी फाईल उतरवून घेतली.
म्हणजे यादीत चोविसावा मी,
माझ्या नावचाही मेल कुणाच्या तरी टेबलावर येईल,
चहाच्या आधी.
मारवा, तोही अर्धाच, टेप संपली होती.
कुणीतरी खोकलं. भांडं सरकलं.
मग ते अकरा सेकंद.
मी आवाज पूर्ण वाढवला
आणि हेडफोन दोन्ही हातांनी
कानांवर दाबून धरला.