काळं फडकं

नेमाण्णा मगदुमांना डोळा न लावता काढलेला फोटो मान्य नाही.
‘पडद्यात बघून काढतोस? मग कशाला
एवढं धूड गळ्यात? मोबाईल बरा की.’
खणभागातल्या त्यांच्या स्टुडिओत
चार वर्षं दिवे पुसले मी.
डावा डोळा मिटायला तिथंच शिकलो.

आज मिरजेत, दस्तगीरचाचांच्या कारखान्यात
मिटलेला डोळा काही कामाचा नाही.
तंबोरा आडवा, जमिनीवर, गोणपाटावर,
आणि मला हवी आहे जवारी:
घोडीच्या पाठीचा तो बाक,
तारेनं कुठं टेकायचं नि कुठं सोडायचं
हे ठरतं तेवढीच जागा.
डोळा लावायचा तर गाल फरशीला.
मानेचे दोन मणके घासलेत,
डॉक्टरांनी दिलेला पट्टा गाडीच्या डिकीत.

बटण दाबलं.
आतला आरसा टक् करून वर गेला, वरच राहिला,
आणि पाठीमागच्या पडद्यावर घोडी उगवली.
पाचपट. दहापट.
रिंग केसभर इकडं, केसभर तिकडं.
तार आधी धूर होती, मग दोरखंड झाली,
आणि तिच्याखाली पांढरा सुती धागा,
त्याचे सुटलेले तंतू मोजावेत इतका जवळ.
चाचा त्याला जीव म्हणतात.
‘चाचा, जीव जरा मागं घ्या.’
‘घेतो की. आता सवय झालीय,’ म्हणाले,
आणि हसता हसता खोकले.

मग चष्मा कपाळावर चढवून वाकले पडद्यावर.
बराच वेळ.
‘पन्नास वर्षं कानानंच बघितलं हे.
असं असतंय होय?’
आणि लगेच, ‘हितं कानस जास्त लागलीय.’
तंबोरा उचलून घेऊनच गेले.
कॅटलॉगचा फोटो दीड तास लांबला.
पडद्याचा हाही एक उपयोग.

तोवर ऊन दारातून आत आलं.
पडद्यात आता घोडी नाही,
माझंच नाक, आणि वर टांगलेले भोपळे.
खुंटीवरचं पॉलिशचं फडकं ओढून
डोक्यावरून कॅमेऱ्यावर घेतलं.
आत काळोख, स्पिरिटचा वास, लाखेचा वास,
आणि एक उजळ चौकोन.

असा काळोख मी पूर्वी पाहिलाय.
नेमाण्णांच्या वडिलांचा लाकडी कॅमेरा,
पाठीला धुरकट काच, वर काळं कापड.
एकदा मला आत घेतलं होतं त्यांनी:
काचेवर कृष्णेचा घाट उलटा,
नदी वर, आभाळ खाली,
पायऱ्या उतरणारी एक बाई छतावरून चालत होती.
महापुरात तो कॅमेरा फुगला, सांधे सुटले.
काच तेवढी राहिली. नेमाण्णा
तिच्यावर आता पावत्या ठेवतात.

फडक्यातूनच फोन लावला.
‘अण्णा, तुमचे वडील डोळा कुठं लावायचे?’
पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
‘ते उलटं दिसायचं. उलटं बघून
सरळ काढायला अक्कल लागती.’
आणि ठेवला.

बॅटरीची एक काडी उरली होती.
चाचांनी घोडी बसवली, जीव सरकवला,
डोळे मिटून तार छेडली.
दहापट मोठ्या पडद्यावर
ती पुन्हा धूर झाली.
तिचा धूर विरेपर्यंत मी
बोट बटणावर ठेवून नुसता बघत राहिलो,
दोन्ही डोळे उघडे.