तीन अक्षरं

शारजाच्या भंगारबाजारात
बोर्ड किलोवर मिळाला. अठरा दिरहम.
कुठल्यातरी बुडालेल्या गेमपार्लरच्या पोटातला.

शुक्रवार. एसीचं पाणी बादलीत टपटपतंय,
वरच्या बंकवर बशीर खोत घोरतोय.
मी पिना मोजतो, छप्पन्न.
पाच व्होल्ट इथं, बारा तिथं, अर्थिंग कडेला,
लाल हिरवा निळा रूमवरच्या जुन्या टीव्हीत.
वर खोकं म्हणून खजुराचा पत्र्याचा डबा.

नाणं टाकायच्या फटीची वायर उरली.
तिला दारावरच्या बेलचं बटण लावलं:
दाबलं की यंत्राला वाटतं, दिरहम पडला.
अकरा वर्षांत इथं
फुकट चाललेली ही पहिलीच गोष्ट.

पडदा उजळला.
सगळ्यात वर कुणीतरी आर झेड के,
नऊ लाख चाळीस हजार.
पोरगा असेल. आता पोटही सुटलं असेल.

बॅटरी पाझरतेय,
हिरवा गंज तांब्याला भिडलाय.
काढली तर बोर्ड वाचेल,
आकडे जातील.

पगाराच्या पाकिटामागे
दहाही नावं उतरवून घेतली,
मग सोल्डरिंग गन तापत ठेवली.

बशीर उठला, पहिला डाव त्यानंच हाणला.
नाव लिहिताना अडला:
"तीनच अक्षरं? इंग्रजीत
खोत मावत नाय रे."