तरफेच्या तारा

दिवसभर मिरज स्टेशन ते सांगली,
सीटवर चालतात; तिघे मागे, चौथा ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर.
रात्री आठला नऊच्या नऊ गाड्या शेडमध्ये येतात
आणि मी एकेकीची वायर भिंतीला लावतो.
लावतो, पण चालू करत नाही.

त्या वेळी सगळी मिरज एकदम घरी आलेली असते.
मिक्सर, इस्त्री, टीव्ही,
गल्लीत पाणी सुटलेलं म्हणून प्रत्येकाची मोटार.
कोपऱ्यावरच्या डीपीचा आवाज जरा खाली उतरतो.
इंजिनिअर हसतो:
पन्नासचं एकोणपन्नास पूर्णांक नऊ झालं
तर ते कानाला कळतं होय?
मी म्हणतो, साहेब, आडनाव सतारमेकर आहे.

(असेल भासही.
मला जवारी कधीच लावता आली नाही.
अब्बा हाडाच्या घोडीवरून कानस एकदाच फिरवायचे,
ऐकायचे, परत फिरवायचे. अख्खी दुपार.
मी आयटीआयला पळालो. वायरमन.)

मग मोबाइलवर येतं: द्या.
आणि उभ्या गाड्या वीज परत द्यायला लागतात.
ना चाक हलत, ना दिवा लागत,
फक्त मीटर उलटा मोजतो.
पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा शालन वायदंडे भांडली होती.
"दिवसभर मी हाडं मोडून फिरवायची
आणि रातच्याला गाडीनं शेजाऱ्याचा पंखा फिरवायचा?"
युनिटचे पैसे मिळतात, म्हटलं.
"किती?"
सांगितलं.
"चहा येतोय की त्यात," म्हणाली, आणि सही केली.

तिला समजावताना मला अब्बा आठवले.
सतारीला खालच्या अंगाला बारीक तारा असतात, तरफेच्या.
त्यांना कुणी छेडत नाही.
वरची तार बोलली की त्या आपल्या आपण घुमतात.
गिऱ्हाईक विचारायचं, मग एवढ्या कशाला बांधायच्या?
अब्बा सगळ्यांवर बोट दाबून धरायचे
आणि वरची तार छेडायचे.
टण्. लाकडासारखी.
"आता कळलं?"

परवा मंगळवारी असाच निरोप आला.
शालनच्या गाडीत बेचाळीस टक्के.
नियम सांगतो, तिसापर्यंत काढता येतं.
पण पहाटे पाचला तिची सीट ठरलेली असते,
बिरनाळे मास्तर, मालगावहून, डायलिसिसला,
आणि रात्री बाराच्या पुढे वीज मिळेलच
हे कुणी लिहून दिलेलं नाही.
ढालगावच्या माळावरच्या पवनचक्क्यांना
वाऱ्याची वाट बघावी लागते, आम्हाला त्यांची.

मी तिची वायर काढून ठेवली.
आठ गाड्या लागल्या.
ऑफिसातून फोन: नववी कुठाय?
आजारी आहे, म्हणालो.

डीपीखाली जाऊन उभा राहिलो.
आठवर आणि नऊवर फरक पडतो का,
खरं सांगतो, मला ऐकू आलं नाही.
अब्बांना आलं असतं.

दीडच्या सुमाराला वारं सुटलं.
आकडा वर गेला, दरही पडला,
नऊही गाड्या गपगुमान पिऊ लागल्या.
मी पोतं अंथरून आडवा झालो.

पाचला आली शालन. मास्तर मागे बसलेले, मफलरमध्ये.
तिनं स्क्रीन बघितला, माझ्याकडे बघितलं,
"रात्री माझी का न्हाई काढलीस?" म्हणाली,
"चहा बुडाला की माझा."

मास्तरांनी बाही वर केली.
दंडाच्या आत फुगलेली शीर, मशीनसाठी केलेली.
डॉक्टरांनी सांगितलंय रोज हात लावून बघा,
थरथर थांबली तर तसेच उठून या.
"तू वायरमन ना," म्हणाले, "ऐक जरा,
आहे का चालू?"

मी वाकलो, कान लावला.

घूं
घूं