एकच प्रत

सहाशे अडतीस पानं. वाचनालयानं रद्दीत काढलेली,
पाठ मोडलेली, कव्हरावरच्या गडाला वाळवीनं
शत्रू यायच्या आधीच खिंडार पाडलेलं.
वजन करून एकवीस रुपये. तिघांत सात-सात.

हारुणभाई पिंजारी म्हणाला, एवढा गठ्ठा
एका दोऱ्यात राहायचा नाही, तीन करू का?
तेव्हा कुठं आमच्या डोक्यात आलं
की मग तिघांना एकदमच वाचता येईल.

हिरवं, निळं, विटकरी रेक्झिन. चिठ्ठ्या टाकल्या.
हिरवा लोटनला, जो उन्हाळाभर
कापूस नसलेल्या जिनिंगची राखण करतो.
निळा सुलभा फिरकेला, सरकारी दवाखाना, रात्रपाळी.
विटकरी, म्हणजे शेवट, मला:
चोपडा डेपोसमोरचा झेरॉक्सवाला.
(मशीन घरचंच, मग छापून का नाही घेत, असं विचारणाऱ्यांनी
सहाशे अडतीसला दोननं गुणून बघावं.)

हारुणभाईची सुरी नेमकी वाक्यातून गेली होती.
हिरवा संपतो: जासूद घोड्यावरून उतरला आणि
निळा सुरू होतो: काहीच बोलला नाही.

गुरुवारी रात्री, शिरपूरची शेवटची गाडी गेली
की चहाच्या टपरीवर आम्ही बसायचो.
मे महिना, बाकडंसुद्धा तापलेलं.
"कथालगून वना?" लोटन विचारायचा,
म्हणजे कुठवर आलास,
जणू तिघंही एकाच रस्त्यानं चाललोय.
सुलभा म्हणायची, माझ्याकडे एक बाई विधवा आहे,
पण तिचं लग्न मी पाहिलंच नाही.
लोटन म्हणायचा, अहो, आत्ता तर हळद लागतेय तिला!
आणि चहा हातात धरून
मांडवातली माणसं मोजून दाखवायचा.

मी गप्प. माझ्या भागात पाचव्याच पानावर
जासूद तापीच्या उताराशी पडला होता,
पत्र कमरेला, पगडी वाहून गेलेली.
हिरव्यात तो जेवायला बसतोय,
निळ्यात त्याला ताप आलाय,
आणि मी त्याला आठवडाभरापूर्वी पोचवून आलोय.
गड पडतो हे सगळ्यांना ठाऊकच असतं,
शाळेतच वाचलेलं असतं ते.
जासुदाचं मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

लोटनला जासुदाचं एवढं नव्हतंच.
घोडा जगेल ना? एवढंच.
पांढऱ्या पायाचा, उजव्या कानाला चीर,
नाव बिजली, पण नर, म्हणून सगळे हसायचे त्याला.
"आते सांगू नको. नुसतं हो की नाही."

घरी येऊन विटकरी भाग पुन्हा चाळला,
रात्री दोन वाजेपर्यंत, कूलरच्या पाण्यात पाय.
गड होता, गद्दार होता, दारूकोठार होतं,
नऊ पानं नुसती एका शालूची.
घोडा नव्हता. मेलाही नव्हता.
सुलभाला फोन केला, ती वॉर्डातच होती.
निळ्यात शेवटचा कधी दिसतो?
थांब, सलाइन लावून येते, म्हणाली. मग:
तीनशे अठ्ठ्याण्णव. चिंचेला बांधलेला.

बांधलेला. पुढच्या दोनशे चाळीस पानांत
त्याला कुणी सोडलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी लोटनला म्हणालो, वाच तूच.
त्याला पावसाळा लागला वाचायला. नंतर
दोन गुरुवार आलाच नाही.
तिसऱ्या वेळी तिन्ही भाग सुतळीत बांधून आणले,
बाकावर ठेवले, भजी मागवली,
राज्यं कशी बुडतात यावर बराच वेळ बोलला.
घोड्याचं नाव नाही. आम्हीही काढलं नाही.

आता ती पुस्तकं हारुणभाईची नात वाचतेय,
नववीतली, सरळ क्रमानं, हिरव्यापासून.
काल दुकानात आली, आधार कार्डाची झेरॉक्स काढायला.
काका, तीनशे अठ्ठ्याण्णवच्या खाली
पेन्सिलीनं लिहिलेलं पण धरायचं का गोष्टीत?
म्हटलं, काय लिहिलंय?
तिनं पाठच म्हणून दाखवलं:
रात्री जिनिंगचा राखणदार आला.
त्यानं गाठ सोडली.